किंग, रॉय, देजार्दां: क्वेबेकमध्ये विहीणबाईंचं माहेर शोधताना

लेकीच्या सासूबाई अमेरिकेतल्या लोवेलच्या. माहेरचं आडनाव किंग. पण हे किंग इंग्रज नव्हेत. लोवेलच्या कापड गिरण्यांत पोटासाठी आलेले क्वेबेकचे, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतातले, रॉय. फ्रेंचमध्ये रॉय म्हणजे राजा, म्हणून अमेरिकेत रॉयचं किंग झालं, तसं कित्येक बोआव्हेरांचं (हिरवं रान) ग्रीनवुड. विहीणबाईंना मूळ घराणं शोधायचं होतं, मला भटकायची हौस. दोघी निघालो. (भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही, वेगळा काढावा लागतो.)

पहिला सल्ला: आडनावाच्या मागे धावू नका, लग्नं शोधा. रॉय क्वेबेकमध्ये पैशाला पासरी आणि बहुतेकांचा एकमेकांशी संबंध नाही. लग्नाच्या नोंदीत मात्र नवरा-नवरी दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, त्यामुळे एका नोंदीवरून मागच्या पिढीच्या लग्नाकडे जाता येतं. सुरुवात घरूनच करा. अमेरिकन कागदांवर बहुधा नुसतं ‘कॅनडा’ लिहिलेलं असतं. गिरणीगावातल्या फ्रेंच चर्चच्या वहीत आईवडील सापडतात.

पाद्री नोंदींच्या दोन प्रती करत, एक चर्चला, एक कोर्टाला. त्यामुळे चर्च जळालं तरी बरंच वाचलं. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-पुराभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जुन्या वह्या फुकट बघता येतात. मग जायचं कशाला? अक्षर लागत नाही म्हणून, आणि नोटरीकडच्या लग्नकरारांसाठी. क्वेबेक शहरात हे दप्तर लाव्हाल विद्यापीठाच्या आवारात, कासो इमारतीत आहे. तिथल्या बाई आमच्या मोडक्या फ्रेंचला हसल्या नाहीत.

समासात बी, एम किंवा एस दिसतं: बाप्तिस्मा, लग्न, दफन. नावाआधी एफ-ई-यू अशी अक्षरं आली की समजा ‘कै.’. शेवटी बहुतेकदा ‘सही येत नाही असं सांगितलं’. आणि बायको? ती दफनाच्या नोंदीतही माहेरच्याच आडनावाने. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहून पाळण्यातलं नावसुद्धा पुसतात, माझंही पुसलं. सतराव्या शतकातल्या त्या निरक्षर बायकांचा मला तिथे बसल्या बसल्या हेवा वाटला.

खरा घोळ पुरुषांचा. त्यांच्या नावात मध्येच ‘दी’ येतो, म्हणजे ‘ऊर्फ’. 1665 मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या शिपायांना टोपणनावं असत: लाफ्लर, सांसूसी, जोलीकर. ती मुलाबाळांना चिकटली. पुढे एक भाऊ मूळ नाव लावी, दुसरा ऊर्फ. विहीणबाईंची साखळी एका ठिकाणी तुटली ती यामुळेच: रॉय म्हणून शोधत होतो तो नोंदीत देजार्दां होता. दोन्ही नावांनी शोधा, आणि बायकोच्या नावाने ताडून बघा.

शेवट लागला आंत्वान रॉय दी देजार्दां या शिपायाशी. त्याने 1668 मध्ये मारी माजोरशी लग्न केलं. फ्रान्सच्या राजाने वसाहतीत लग्नासाठी ज्या साधारण आठशे मुली पाठवल्या, त्यांतली ती एक. 1684 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या लाशीनला एकाने आंत्वानला आपल्या बायकोबरोबर पकडलं आणि जिवे मारलं. माझ्या पोटात गोळा आला. विहीणबाई मात्र खूश. म्हणे, इतके दिवस सगळे नुसते शेतकरीच निघत होते.

या घराण्याचा विस्तार कामुरास्का भागातला. 132 क्रमांकाच्या रस्त्याने सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने जा, गाडी हवीच. इतकी जुनी थडगी शोधू नका, लाकडी क्रूस कधीच कुजले. त्याऐवजी रस्त्यालगतच्या जुन्या चर्चच्या जागी थांबा. या भागातला धुरावलेला मासा प्रसिद्ध आहे. शाकाहाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा. आणि जायचं तर जून ते सप्टेंबर. नंतर छोटी संग्रहालयं बंद व्हायला लागतात.