512 चा नादकाटा

शाळेच्या प्रयोगशाळेतले नादकाटे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. त्यातला 512 हर्ट्झचा काटा कान-नाक-घशाच्या ओपीडीत रोज लागतो. फरक एवढाच की आमच्या काट्याच्या दांड्याला हाडावर नीट टेकावी म्हणून चपटी बैठक असते. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी हाच विषय घेतला, कारण यातलं बरंचसं विज्ञानाच्या तासाला करून बघता येईल.

512 च का? 256 चा काटा हाडावर ठेवला की आवाजापेक्षा थरथरच जास्त जाणवते आणि पेशंट ‘येतंय ऐकू’ म्हणून मोकळा होतो. 1024 चा आवाज फार लवकर विरतो. काटा टेबलावर आपटायचा नाही, नको ते वरचे स्वर मिसळतात. कोपरावर किंवा गुडघ्यावर, भुजेच्या टोकाकडच्या एक तृतीयांश भागात, हलकेच मारायचा.

आधी वेबर, म्हणजे आवाज कोणत्या बाजूला झुकतो ते बघणारी चाचणी. बैठक कपाळाच्या मध्यावर किंवा वरच्या पुढच्या दातांवर टेकवायची आणि ‘आवाज कुठे येतो?’ एवढंच विचारायचं. ‘कोणत्या कानात?’ असं विचारलं की घोळ होतो. कमी ऐकू येणाऱ्या कानात आवाज मोठा आला तर ते पेशंटला स्वतःलाच खरं वाटत नाही, म्हणून तो चांगला कान दाखवतो. मळ, फाटलेला पडदा, पडद्यामागचं पाणी असा वहनाचा दोष (आवाज आतल्या कानापर्यंत पोचण्यातला अडथळा) असेल तर आवाज दोषी कानाकडे जातो. नसेचा दोष (आतला कान किंवा त्याची नस बिघडलेली) असेल तर चांगल्या कानाकडे. एका कानात बोट घालून बघा, आवाज लगेच त्या बाजूला सरकतो.

मग रिने, म्हणजे हवेतून आणि हाडातून येणारा आवाज ताडून बघणारी चाचणी. काटा कानाच्या छिद्रापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर, दोन्ही भुजा छिद्राच्या रेषेत येतील असा धरायचा. नंतर बैठक कानामागच्या हाडावर घट्ट दाबायची. दुसऱ्या हाताने डोक्याला पलीकडून आधार द्यायचा, नाहीतर डोकं कलतं आणि दाब कमी पडतो. मध्ये केस नकोत, कानाची पाळीही लागता कामा नये. हवेतून मोठं ऐकू आलं तर रिने पॉझिटिव्ह, म्हणजे कान ठीक किंवा दोष नसेचा. हाडातून मोठं आलं तर निगेटिव्ह, दोष वहनाचा. 512 ला रिने निगेटिव्ह येण्यासाठी हवेतून आणि हाडातून ऐकण्यात साधारण 25-30 डेसिबलचा फरक लागतो. त्याहून सौम्य दोष इथे निसटतो. वेबर मात्र 5 डेसिबलच्या फरकावरही झुकतो.

खरी फसगत पूर्ण बहिऱ्या कानात होते. त्या बाजूच्या हाडावर काटा ठेवला की कंप कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानात पोचतो, पेशंट ‘येतंय’ म्हणतो आणि रिने खोटाच निगेटिव्ह येतो. तेव्हा वेबर बघायचा: वहनाचा दोष असता तर तो याच कानाकडे आला असता, इथे तो चांगल्या कानाकडे जातो. मग चांगल्या कानाशी बारानीचा खुळखुळा (खरखर आवाज करून तो कान झाकणारं छोटं यंत्र) वाजता ठेवून रिने पुन्हा करायचा.

एका रात्रीत कान बंद झालेला माणूस बहुतेकदा ‘मळ असेल’ म्हणत थेंब घालून आलेला असतो. वेबर चांगल्या कानाकडे गेला तर दोष नसेचा, मग थेंब बंद, त्याच दिवशी ऑडिओमेट्री (यंत्रावरची श्रवणचाचणी) करायची आणि स्टेरॉइडचा निर्णयही लगेच घ्यायचा. पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो.