सगळ्या नगांना सरसकट ५ टक्के भंगार कसं?

बीओएम (नगाला कुठला माल किती लागतो ती यादी) उघडल्यावर स्क्रॅपच्या, म्हणजे भंगाराच्या, रकान्यात ओळीने ५ टक्के दिसले की माझं डोकं फिरतं. ब्रॅकेट असो, कव्हर असो की वॉशर, सगळ्यांना ५. पत्र्याच्या कामात असं कधी होतं का?

मी रबाळे एमआयडीसीत एका प्रेस शॉपचं (पत्र्याचे नग बनवणाऱ्या कारखान्याचं) कॉस्टिंग बघते. बीओएमची तपासणी एसीत बसून होत नाही, पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनपाशी उभं राहूनच होते, हे माझं ठाम मत.

परवाचंच ब्रॅकेट घ्या. १.२ मिलिमीटर सीआरसीए (थंड रोल केलेला स्टीलचा पत्रा), ब्लँक म्हणजे कापलेला सपाट तुकडा १२० बाय ८०, भोकं पाडल्यावर तयार नग ८४ ग्रॅम. बीओएममध्ये त्यावर ५ टक्के चढवून ८८.२ ग्रॅम. कळंबोलीहून येणारा १२५० बाय २५०० चा पत्रा भरतो २९.४४ किलो. आमच्याकडे त्याच्या ८४ मिलिमीटरच्या लांब पट्ट्या कापतात. पट्ट्या १४, पट्टीत नग २०, म्हणजे पत्र्यातून २८०. भागून बघा, नगाला १०५.१ ग्रॅम पत्रा लागतोय. पत्रा किलोला ७० रुपये आणि भंगार ३० धरलं, तर भंगाराचे पैसे वजा करूनही नगामागे ५५ पैसे बीओएमच्या बाहेर जातात. महिन्याला ५०,००० नग गेले की साडेसत्तावीस हजार झाले!

शिवाय कडेची ७४ मिलिमीटरची पट्टी उरते. अडीच मीटर लांब, चांगला पावणेदोन किलो माल. त्यातून वॉशर सहज निघतील, पण तिला स्टोअरमध्ये कोडच नाही, म्हणून ती थेट भंगाराच्या ढिगात.

आमच्या शिअरिंगवरच्या काकांनी तिथेच खडूने पत्र्यावर आखून दाखवलं. पट्टी १२४ ची, आडवी कापायची. पट्ट्या २०, प्रत्येकीत नग १५, झाले ३००. माझी शंका बेंडची होती, कारण रोलिंगची दिशा (पत्रा ज्या दिशेने लाटलेला असतो ती) बदलली की बेंडवर तडे जाऊ शकतात. पण पट्टी आडवी घेतल्यामुळे १२० ची बाजू आधीसारखीच रोलिंगच्या दिशेत राहते. डायचा (नग कापणाऱ्या साच्याचा) गाईड आणि स्टॉपर तेवढा बदलावा लागेल, ते टूलरूम बघतंय. नगाला लागणारा पत्रा ९८.१ ग्रॅमवर येतो. कमी निघणाऱ्या भंगाराचे पैसे सोडूनही नगाला २८ पैसे वाचतात. काकांना हे कुणी आधी विचारलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवताना, बाद होणारे नग (रिजेक्शन) वेगळे धरायचे, पत्र्याच्या टक्क्यांत मिसळायचे नाहीत. ३ टक्के रिजेक्शन असेल तर १००० चांगल्या नगांसाठी १०३१ पाठवावे लागतात. भागायचं ०.९७ ने, ३ टक्के वर चढवले की १०३० येतात आणि एक नग कमी पडतो. शिवाय तिथे बाद झालेल्या नगावर पत्रा, प्रेस, बेंडिंग, प्लेटिंग असा सगळा खर्च बसलेला असतो आणि हाती येतो भंगाराचा भाव.

सध्या माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी चाललाय: कोटेशनमध्ये ग्रॉस वजन, म्हणजे नगाला लागणारा एकूण पत्रा, खरं लिहा. स्टीलचा दर वाढला की ग्राहक वाढ देतो ती त्याच वजनावर. तिथे ८८.२ लिहिलं असेल, तर उरलेल्या ग्रॅमांवरची प्रत्येक दरवाढ आपल्याच खिशातून जाते.