कापरे हात आणि ५५ मासे: वर्गात गंजिफा करताना

प्रौढ दिव्यांगांच्या चित्रकलेच्या वर्गात मदतीला आलेला नवा माणूस हमखास समोरच्याचा हात धरून ब्रश फिरवतो. चित्र सुबक होतं, पण ते मदतनिसाचं. आम्ही हात सोडून बाकी सगळं धरायला शिकलो: कागद, वाटी, टेबल.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, घेतली ती याच हिशेबाने. राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सावरलेली ही कला इथल्या लोकांना ऐकून तरी माहीत असतेच. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. त्यातली २० राजा-प्रधानांची. उरलेल्या १०० पानांवर एक ते दहा खुणा: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. म्हणजे एकट्या मत्स्याचे ५५ मासे. त्यात गोल पानाला कोपरे नाहीत, कसंही फिरवून धरा.

मूळ पान तळहातात मावतं, आम्ही १२ सेंमीचं केलं. पुठ्ठ्याच्या तीन चकत्या एकावर एक चिकटवायच्या आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायच्या. अस्तराला खडूची भुकटी आणि पातळ केलेला फेविकॉल. परंपरेत चिंचोक्याची खळ असते, पण श्रावणात तिला बुरशी धरते आणि झुरळं पानाच्या कडा कुरतडतात. अस्तर दोन्ही बाजूंना हवं. एकाच बाजूला दिलं की सुकताना ती बाजू आखडते आणि पान पापडासारखं वळतं.

खरी कसोटी ठशांची. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून दीड सेंमीचा मासा कापून, पंक्चरच्या सोल्युशनने १.८ सेंमी जाडीच्या गोल दांडीच्या टोकाला चिकटवला. वरच्या टोकाला एसीच्या पाइपवरची काळी फोमची नळी चढवली की मूठ तीन सेंमी जाड होते. बोटं पुरती न मिटणाऱ्यालाही ती धरता येते. तरी हात कापरा असेल तर ठसा घसरणारच. त्यावर उपाय भोकांच्या पुठ्ठ्याचा. पानाच्याच आकाराची जाड चकती, तिला दोन सेंमीची दहा भोकं: आठ कडेने, दोन मध्ये. ही चकती पानावर ठेवून चिकटपट्टीने टेबलाला पक्की करायची. दांडी भोकात गेली की हात कितीही थरथरला तरी मासा जागेवरच उमटतो. नको ती भोकं चिकटपट्टीने बुजवली की हीच चकती एक्क्यापासून दश्शीपर्यंत चालते. मनगटाला वाळूची पिशवी बांधूनही पाहिली. कुणाला फायदा झाला, कुणाचा खांदा दहा मिनिटांत भरून आला.

रंग ताटलीतल्या स्पंजवर, ॲक्रिलिक. स्पंज ओथंबलेला असला तर माशाचे खवले बुजून नुसता ठिपका उमटतो. दर दहा-बारा ठशांनी रबर जुन्या टूथब्रशने धुवायचं.

कडेच्या पट्ट्यासाठी केकवाल्यांचं फिरतं स्टँड. पान त्यावर शाडूच्या गोळीने चिकटवायचं. पक्षाघाताने एक हात गेलेला माणूस चांगल्या हाताचं मनगट पुस्तकांच्या चवडीवर टेकवून ब्रश नुसता धरतो, स्टँड मदतनीस फिरवतो. 'हळू' म्हणायचा हक्क मात्र ब्रशवाल्याचा.

रंगाला करवंट्या फुकट मिळतात, पण डुगडुगतात. त्यांच्याखाली सुतळीची चुंबळ ठेवली की हलत नाहीत. अंधांसाठी करवंटीला रबरबँड: लाल एक, पिवळा दोन, निळा तीन. बहिऱ्यांसमोर पाठ खिडकीकडे करून उभं राहिलं की चेहरा काळोखात जातो, ओठ दिसत नाहीत. मतिमंद म्हणून आलेल्या पन्नाशीच्या बाईंना 'बाळा' म्हणायचं नाही. काकी म्हणा, दोनच रंग पुढे ठेवा आणि थांबा. वेळ लागतो, पण 'माका निळो व्हयो' येतं.

व्हीलचेअरसाठी टेबलाखाली गुडघ्यांना ७० सेंमी मोकळी उंची हवी. प्लास्टिकच्या टेबलाची आडवी पट्टी नेमकी तिथेच अडते. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण टेबल लावताना एकच बघायचं: कोपर टेकतं का?

हाताला संवेदना नसलेल्यांची बोटं वर्ग सुटताना नीट तपासायची. पुठ्ठ्याने कापलेलं त्यांना कळत नाही. फिट आलीच तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन.

व्हार्निशचा वास बंद खोलीत दम्याच्या माणसाला सोसत नाही, म्हणून ते काम वर्ग सुटल्यावर पडवीत करतो. त्याआधी पानाच्या पाठीवर ज्याची त्याची खूण, स्वतःच्या हाताची. पावसात सुकायला दोन दिवस धरा. घाईने एकावर एक रचलेली पानं दुसऱ्या दिवशी वड्यांसारखी चिकटलेली मिळतात.