गंगेवर बाबागाडी

माझ्या गाडीची अर्धी डिक्की सीएनजीच्या टाकीनं खाल्लेली आहे. भाड्यानं चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं हेच रडगाणं. दोन बॅगा आत बसतात, तिसरी आली की कॅरियरवर. त्यामुळे फोनवर भाडं ठरवतानाच मी सामान किती ते विचारून घेतो. त्या बुधवारच्या लोकांनी ‘सामान काही नाही’ म्हणून सांगितलं होतं, आणि खोटं नव्हतं ते. एक कापडी पिशवी, लाल फडक्यात बांधलेला कलश आणि एक बाबागाडी.

चाळीसगावकडची मंडळी. सकाळी नाशिकरोडला उतरली. डिसेंबरचा गारठा, सगळ्यांच्या कानाला रुमाल. तिशीतला मुलगा, त्याची बायको, त्याची आई आणि बाबागाडीत झोपलेलं चार महिन्यांचं बाळ. वडिलांना जाऊन पाच दिवस झाले होते.

अस्थी घेऊन आलेल्या माणसाला मी ‘या, या’ म्हणत नाही. दार उघडून बाजूला उभा राहतो. धंद्यात नवीन आलेल्या पोरांना हे सांगावं लागतं, नाहीतर हसत हसत विचारतात, ‘दर्शनाला का?’ आणि कलश डिक्कीत ठेवा असं तर चुकूनही म्हणायचं नाही. तो जमिनीला टेकवत नाहीत. ज्याच्या हातात असतो, तो तसाच मांडीवर घेऊन बसतो.

राहिली बाबागाडी. तिची घडी मला काही जमेना. ताईंनी दाखवलं, आधी मागची पट्टी ओढायची, मग दोन्ही कळा एकदम दाबायच्या. मी दाबल्या, बोट चिमटलं, आणि घडी होऊनही ती टाकीच्या वर बसेना. कॅरियरवर बांधायला दोरी नव्हती. शेवटी पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला. द्वारकेच्या चौकात गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्यानं आत बघून मला डोळा मारला. त्याला मागची सीट दिसली नसावी.

मागे आजी सुनेला हळू आवाजात सांगत होत्या, “मी म्हटलं होतं ना, फडक्यात बांधून घे. ही घोडागाडी कशाला?” सून काही बोलली नाही. मुलानंच मला सांगितलं, “दादा, हिचं सिझर झालंय. टाक्यांपाशी हर्निया निघालाय, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आईचे गुडघे गेलेत. आणि माझे हात...” पुढचं बोलायची गरज नव्हती. त्याचे दोन्ही हात कलशावर होते.

तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं, आपण आहोत ना. सोळा वर्षं मी गंगेवर माणसं नेतोय. बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.

पण बुधवार होता. बुधवारी गंगेवर बाजार असतो. एरवी मी गाडी गौरी पटांगणापर्यंत नेतो, त्या दिवशी तिकडे भाजीच्या पालांमधून सायकल निघाली तरी नशीब. म्हणून पंचवटी कारंजाजवळच्या माझ्या नेहमीच्या गल्लीत गाडी लावली आणि म्हणालो, “चला, पाच मिनिटांवर आहे.”

माझी पाच मिनिटं म्हणजे माझ्या पायांची पाच मिनिटं.

पहिली अडचण गल्लीच्या तोंडाशीच. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून कुणीतरी तिथं लोखंडी खांब ठोकलेत. मी त्यांच्यामधून हजार वेळा गेलो असेन, अंग थोडं वाकडं करून. बाबागाडी काही वाकडी होत नाही. पुढची चाकं गेली, मागची अडकली. मी ती पुढून उचलली, ताईंनी सवयीनं मागून उचलायला हात घातला आणि आजी ओरडल्या, “सोड, सोड!” मग मी एकट्यानंच बाळासकट उचलून खांबांच्या डोक्यावरून नेली. बाळ झोपलेलंच. गंमत म्हणजे दुचाकीवाले बाजूच्या दुकानाच्या पायरीवरून आरामात आत जात होते.

पुढे चेंबरची जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असत्या तर चाक खडखडत गेलं असतं. त्या होत्या उभ्या, आणि बाबागाडीचं पुढचं चाक अंगठ्याएवढं जाड. बरोबर फटीत. गाडी थांबली आणि मागून येणारा गुलाबांच्या हारांचा टोपलावाला माझ्या पाठीवर आदळला. चाक सोडवताना मला आमच्या गॅरेजवाल्याचं वाक्य आठवलं: मोठं चाक खड्डा गिळतं, लहान चाकाला खड्डा गिळतो.

त्यानंतर माझा नेहमीचा शॉर्टकट. सरदार चौकाकडून रामकुंडाकडे उतरणारी गल्ली. 2003 च्या सिंहस्थात याच भागात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली. तेव्हा मी पोरसवदा होतो, पण आमच्या घरात त्या दिवसाचं बोलणं अजून निघतं. म्हणून गर्दी अडवायला लोखंडी बॅरिकेड का लागतात, हे मला कुणी समजावायला नको. पण त्या दिवशी ना पर्वणी होती ना गर्दी, आणि बॅरिकेड मात्र कुठल्या तरी जुन्या बंदोबस्तातले तसेच राहिलेले, नागमोडी लावलेले. माणूस वळतो, बाबागाडी वळत नाही. ती मागे घ्यायची, तिरकी करायची, पुन्हा मागे घ्यायची. एका वळणावर मी तिला अक्षरशः रिव्हर्स पार्किंग केलं.

आणि गल्ली संपता संपता पायऱ्या लागल्या.

या पायऱ्या तिथं आहेत हे मला माहीत होतं की! पण इतक्या वर्षांत त्या मी मोजल्या नव्हत्या. झिजलेल्या, ओल्या, कुठं वीतभर तर कुठं गुडघाभर. मी म्हणालो, “ताई, बाळाला माझ्याकडे द्या. गाडी मग आणतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खालच्या गर्दीकडे पाहिलं आणि मान हलवली. राग आला नाही मला. तीन तासांपूर्वी भेटलेल्या माणसाच्या हातात गंगेवरच्या गर्दीत कोण बाळ देईल? आजी म्हणाल्या, “मी घेते,” आणि पहिल्याच पायरीवर भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

मुलगा कलश छातीशी धरून उताराकडे बघत होता. म्हणाला, “एकास बारा पाहिजे. एक फूट उतरायला बारा फूट लांबी. शाळेच्या रॅम्पचे नकाशे काढतो मी.” मग पायऱ्यांच्या कडेला ओतलेल्या सिमेंटच्या पट्टीकडे हनुवटीनं दाखवलं, “हा एकास तीन असेल. यावरून बकरीसुद्धा घसरेल.” वडिलांच्या अस्थी हातात घेऊन माणूस उतार मोजतोय. पण मन कुठं तरी गुंतवावं लागतंच.

“उतरू नका तिथनं!”

खालून एक हातगाडीवाले काका ओरडत होते. साठीचे, डोक्याला मफलर, गाडीवर कांद्याची रिकामी पोती. “मागं फिरा. मालेगाव स्टँडवरनं या. चाकं तिकडनं येतात.”

मी म्हणालो, “काका, लांब पडेल.”

“लांब पडंल, पण पडणार नाही कुणी.”

हातगाडी त्यांनी एका भाजीवालीच्या भरवशावर सोडली आणि स्वतः पायऱ्या चढून वर आले. बाबागाडी हातात न घेता पुढे चालू लागले. गल्लीतून मागे, मग एका बोळातून, त्या बोळात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, एका वाड्याच्या मागच्या अंगानं, जिथं फरशी सलग होती. चालता चालता माहिती चालूच. कुठल्या दुकानासमोर सकाळी सडा घालतात आणि चिखल होतो, कुठला पेव्हर ब्लॉक उखडलाय, कुठल्या वळणाला टेम्पो मागे घेतात. मी इतकी वर्षं या शहराचा वाटाड्या म्हणून पैसे घेतो. बोळांमधलं चाकांचं नाशिक मात्र हातगाडीवाले, पाण्याचे जार पोचवणारे आणि फुलांच्या टोपल्या ढकलणारे यांनाच ठाऊक. त्यांच्या पोटाचाच प्रश्न आहे.

मालेगाव स्टँडवरून खाली उतार लागला तेव्हा काका थांबले. “आता उलटी धरा.” म्हणजे मी बाबागाडीच्या खालच्या बाजूला जायचं, पाठ नदीकडे, तोंड बाळाकडे, आणि वजन अंगावर घेत मागे मागे उतरायचं. भरलेली हातगाडी अशीच उतरवतात म्हणे, हातानं ओढून धरत नाहीत, अंगानं थोपवतात. मी तसा उतरलो. रिक्षावाले हॉर्न देत होते, काका त्यांना हात दाखवत होते. आणि बरोबर तेव्हाच बाळ जागं झालं. रडलं नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिलं, मीही त्याच्याकडे. पूर्ण उतारभर.

खाली दुतोंड्या मारुती दिसला तसं आजींनी हात जोडले. पावसाळ्यात पूर किती चढला हे आम्ही या मारुतीवरून सांगतो. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. काका म्हणाले, “पाणी वर आलं की हा रस्तापण मिटतो. मग काय, डोक्यावर.”

रामकुंडावर गुरुजी वाट बघत होते, पाऊण तास उशीर झाला होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बाबागाडीकडे पाहिलं आणि काही न बोलता पाट मांडला. अस्थिविलय तीर्थ म्हणतात या कुंडाला, अस्थी इथं विरघळतात अशी लोकांची श्रद्धा आहे. खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं येतात ती त्यासाठीच.

विधीला तास लागतो. तेवढा वेळ बाबागाडी कुठं उभी करायची? कुंडाकाठची फरशी पाण्याकडे उतरती आणि कायम ओली. गाडीला ब्रेक होता, पण तो एकाच चाकाचा धरत होता. मी लावून बघितला तर दुसऱ्या चाकावर ती हळूच गोल फिरली, तोंड पाण्याकडे. पोटात गोळा आला. दगड शोधला, सापडला नाही. घाट सगळा घडीव. जवळ नारळ होते, दोन घेऊन चाकांखाली सरकवले. गुरुजींचा हाताखालचा पोरगा धावत आला, “अहो, नारळ पायाखाली?” “पायाखाली नाही रे, चाकाखाली,” मी म्हणालो, पण काढले. मग तासभर मी स्वतःच्या दोन चपला चाकांखाली घालून, अनवाणी, एक हात दांड्यावर ठेवून उभा राहिलो. त्या दिवशी फरशी इतकी गार होती की पायांना काही कळेनासं झालं.

आजी कट्ट्यावर बसल्या होत्या. वर कपालेश्वराकडे बघून म्हणाल्या, “इथं नंदी नाही ना?” नाही म्हणालो. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, म्हणून लोक मुद्दाम बघायला जातात. “सुतक आहे, नाहीतर गेले असते,” असं म्हणून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून, “अन् गेले असते तरी पायऱ्याच ना?” पायऱ्याच. उभं राहून राहून माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. सीतागुंफेत मोठी माणसंच वाकून, बसून सरकतात, तिथं बाबागाडी नेणं म्हणजे विनोद. पांडवलेणी म्हणजे डोंगर. सप्तशृंगीला 2018 पासून ट्रॉली आहे, तिनं चढणीच्या पायऱ्या वाचतात. मुक्तिधामला त्यातल्या त्यात बरं. लेकुरवाळ्यांना मी आजवर हीच सगळी यादी बिनदिक्कत वाचून दाखवत आलो होतो.

मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. कलश रिकामा झाला. वर आला तेव्हा गारठ्यानं दात वाजत होते, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचे हात मोकळे होते. त्यानं आधी अंग पुसलं नाही. बाबागाडीचा दांडा माझ्या हातातून घेतला. “द्या दादा, मी धरतो.”

काका परत न्यायला थांबले होते. मी पन्नासची नोट काढली. म्हणाले, “शंभर.” मी बघतच राहिलो. “हातगाडी तासभर उभी आहे माझी,” असं म्हणून त्यांनी कांद्याच्या पोत्यांकडे हात केला. शंभर दिले. वर चढताना मुलगा ढकलत होता, काका पुढून ओढत होते, आणि एकास किती ते या वेळी कुणी मोजलं नाही. त्यांचा नंबर मी तेव्हाच घेतला. त्यानंतर सहा-सात वेळा लावलाय, व्हीलचेअरवाल्या एका बाबांसाठीसुद्धा. आता फोनवर भाडं ठरवताना बॅगा किती याच्याबरोबर ‘बाबागाडी आहे का’ हेही विचारतो. आणि बुधवार असेल तर गुरुवारी या म्हणतो. 2027 च्या सिंहस्थात मात्र काय सांगायचं, ते काकांनाच विचारावं लागेल.

नाशिकरोडला गाडी थांबवली. सीटबेल्ट काढून बाबागाडी खाली घेतली, एक झटका दिला, उघडली. पुन्हा मिटून दाखवली, पट्टी, मग दोन्ही कळा. ताई दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. “जमलं की तुम्हाला.” आजींनी बाळाला मांडीवरून उतरवून स्वतःच गाडीत ठेवलं, दुपटं चारी बाजूंनी खोचलं आणि ढकलत निघाल्या. जिन्यापाशी थांबून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सरळ जायला वाट कुठं आहे का म्हणून.

पुढच्या सीटवर ओल्या चाकांचे दोन पट्टे उमटले होते, त्यात चार तीळ आणि झेंडूची एक पाकळी. पुढचं भाडं मुक्तिधामापाशी उभं होतं, चौघं होते, म्हणजे पुढेही कुणीतरी बसणार. फडकं काढलं.