उतरणीचं दुखणं

आज सकाळी भाची जिना उतरत होती. दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी. रविवारी सिंहगड करून आली आणि आज मंगळवार.

"मावशी, चढताना दम लागला, पण दुखतंय ते उतरताना. जिमचे सर म्हणाले लॅक्टिक ॲसिड साचलंय, बैठका मार, निघून जाईल."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

व्यायाम चालू असताना मांड्यांत जी आग होते, ती स्नायूंत तेवढ्यापुरती वाढलेल्या आम्लतेची. थांबलं की मिनिटांत ओसरते. लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप, तेही तासा-दोन तासांत रक्तातून नाहीसं होतं. मंगळवारी ते कुठून असणार?

खरं काम उतरणीचं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलून ब्रेक लावतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते. म्हणून दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत जातं. हलकं चालणं बरं वाटतं. पुढच्या वेळी तोच गड एवढा छळत नाही, स्नायू सरावतात.

पण भरून आलेल्या पायांवर जोरात बैठका? मुळीच नाही. आणि दुखणं असह्य झालं, पाय सुजले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक डॉक्टर गाठायचा. स्नायू फार तुटले तर मूत्रपिंडावर येतं.

पोरं सरांचं डोळे मिटून ऐकतात हो. तुमच्या जिममध्ये काय सांगतात?