सासूबाईंना घेऊन जॉली बॉय बेटावर

अंदमानला जाणारे नागपूरकर आता बरेच झालेत. आमच्या ओळखीतलीच कितीतरी घरं जाऊन आली. सगळे सेल्युलर जेल पाहतात, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतात, हॅवलॉकला जाऊन येतात. पण जॉली बॉयचं नाव काढलं की म्हणतात, "तिथे फार कटकटी आहेत म्हणे. परवाना काढा, प्लास्टिक नाही, खायला काही मिळत नाही. म्हातारी माणसं सोबत असली तर नकोच." आम्ही सासूबाईंना आणि दोन पोरांना घेऊन गेलो. त्या कटकटींमुळेच ते बेट जसंच्या तसं राहिलंय, हे आता मी भेटेल त्याला सांगत असते. नेमकं काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते.

आधी जाण्याचं. नागपूरहून पोर्ट ब्लेअरला (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण तिथेही सगळे अजून जुनंच नाव घेतात) आम्ही कोलकात्याला विमान बदलून गेलो. नाताळची सुट्टी धरली, कारण नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस बराच असतो आणि एप्रिलनंतर उकाडा. हिवाळी अधिवेशन सुरू असताना नागपूरची तिकिटं चढलेली असतात, म्हणून ते आटोपल्यानंतरची तारीख घेतली.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट. उद्यान १९८३ साली झालं, क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर, आणि त्यात पंधरा बेटं. पर्यटकांना दोनच बेटांवर सोडतात, जॉली बॉय आणि रेड स्किन, तेही आळीपाळीने. हिवाळा-उन्हाळ्यात जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. एकावर माणसं असतात तेव्हा दुसऱ्याला विश्रांती मिळते. सोमवारी उद्यान बंद असतं. आमच्या हॉटेलात एक कुटुंब नेमकं सोमवारच धरून आलेलं होतं आणि मंगळवारचं त्यांचं विमान होतं. फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

आत जायला वनखात्याचा परवाना लागतो, त्याला सगळ्यांची ओळखपत्रं लागतात. बोटीच्या जागा मोजक्या असल्याने परवाना आणि बोट दोन्ही आम्ही आधीच करून ठेवलं होतं. आधारकार्डाच्या झेरॉक्सा नागपूरहूनच नेल्या होत्या. ऐनवेळी तिथे दुकान शोधण्यात सकाळ घालवू नये.

खरी तयारी पिशवीची. प्लास्टिकची पिशवी, पाण्याची विकतची बाटली, बिस्किटाचा पुडा, चिप्स यातलं काहीच नेता येत नाही. बेटावर चहासुद्धा मिळत नाही. म्हणून नागपूरहून निघतानाच मी स्टीलचे डबे आणि स्टीलच्या बाटल्या बॅगेत भरल्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि मेथीचे लाडू घरून केलेले होते, हॉटेलच्या स्वयंपाकघरात आदल्या रात्री सांगून सकाळी इडल्या करून घेतल्या. टॉवेल, कपडे, सगळं सुती पिशव्यांत. आईंनी बीपीची गोळी पाकिटातून काढून कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात ठेवली. मी म्हटलं, आई, औषधाला कोणी काही म्हणणार नाही. तर म्हणाल्या, "नियम म्हंजे नियम. मंग सगळ्यायलेच पाहिजे."

आईंचं मूळ गाव वर्धा जिल्ह्यातलं, माहेर-सासर दोन्ही शेतीचं. आयुष्यात समुद्र पाहिला तो या प्रवासात. गुडघे दुखतात, जिना उतरताना हात धरावा लागतो. निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून बोट लागू नये म्हणून गोळी घेतली होती. ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, बोटीत बसल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून वयस्क माणसाला डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

पहाटे निघालो. अंदमानात घड्याळ आपलंच, पण ते इतकं पूर्वेला की पाच-साडेपाचलाच उजाडतं. तेव्हा नागपुरात अजून मिट्ट अंधार असतो. वंडूरची जेटी पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटर. वाटेत सिप्पीघाट लागतं. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी आणि मधूनमधून वाळून पांढरे पडलेले खुंट. ड्रायव्हरने सांगितलं की ही भातशेती होती. २००४ च्या भूकंपात इथली जमीन खाली बसली, समुद्राचं पाणी शेतात शिरलं, ते परत गेलंच नाही. आई कितीतरी वेळ खिडकीतून पाहत होत्या. मग ड्रायव्हरला विचारलं, "मंग मोबदला भेटला का त्यायले?" त्याला त्यांची हिंदी-वऱ्हाडी कितपत कळली माहीत नाही, पण तो बराच वेळ बोलत होता. त्याच्या मामाची शेती त्यातच गेली होती.

वंडूरला पिशव्या उघडून पाहतात. वरवर नाही, नीट. बाटल्या मोजतात, त्याची नोंद करतात, अनामत घेतात. परतताना तेवढ्या दाखवल्या की पैसे परत. आमच्या पुढे एक मोठा ग्रुप होता, त्यांच्याकडून चिप्सचे आणि वेफर्सचे पुडे काढून घेतले तेव्हा त्यांची पोरं रडायला लागली. मला पोरांचं वाईट वाटलं, पण त्या तपासणाऱ्या माणसाचं काम मला मनापासून पटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी ओसंडून नाग नदीला पूर आला, तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर कंपाउंडच्या जाळीत, झाडांच्या फांद्यांत, गाड्यांच्या चाकांत जे अडकलेलं होतं ते सगळं हेच होतं, पुडे आणि पिशव्या. ते आम्ही हाताने उपसलंय. त्यामुळे कोणी एक पुडा अडवत असेल तर मी त्याच्या बाजूची आहे.

एक सांगते, वंडूरच्या जेटीवरच सगळ्यांनी बाथरूमला जाऊन घ्यावं. वयस्क माणसांनी तर नक्कीच.

बोट सुटली की सुरुवातीला खारफुटीच्या मधून जाते. दोन्ही बाजूंना हिरवीगार बेटं, पाणी संथ. या खाड्यांमध्ये मगरी आहेत, किनाऱ्यावर तसे फलक लावलेले असतात, म्हणून वंडूरला पाण्यात उतरायचं नाही. आई लाईफ जॅकेट घालून दोन्ही हातांनी बाक धरून बसल्या होत्या. बेटांच्या आडोशाने बोट फारशी हलत नाही, हे कळल्यावर एक हात सोडला. मोकळ्या पाण्यात थोडं हलायला लागलं तेव्हा पुन्हा धरला. बोटीवरच्या मुलाने सांगितलं, खाली पाहू नका, लांब क्षितिजाकडे पाहा. त्याने खरंच फरक पडतो. तासाभरात पोचलो.

जॉली बॉयला जेटी नाही. ती बांधली असती तर खालचं प्रवाळ गेलं असतं. मोठी बोट लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. सगळ्या सफरीत अवघड जागा कुठली असेल तर ही. एक बोट वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते, मधल्या फटीत पाणी दिसतं. आई काठावर येऊन थांबल्या. "काहून वो, मले नाही जमत. तुम्ही जा, मी अथीच बसते." पोरं पुढे गेलेली, मागे माणसं खोळंबलेली. नावाडी विशीतला असेल. त्याने घाई केली नाही. दोन्ही हात पुढे करून म्हणाला, माँजी, पानी को मत देखो, मुझे देखो, मैं बोलूँ तब पैर रखना. दोन लाटा त्याने जाऊ दिल्या. तिसरीला छोटी बोट वर आली, बरोब्बर समपातळीत, आणि तो म्हणाला, अब. आईंनी पाय टाकला आणि बसल्यासुद्धा. मागून माझ्या नवऱ्याने पाठीला हात लावला होता, पण त्याची गरज पडली नाही. वयस्क माणूस सोबत असेल तर हे लक्षात ठेवा : साडीऐवजी पंजाबी ड्रेस, पायात मागे पट्टा असलेली सँडल, हातात पिशवी नको, आणि नावाडी सांगेल तेव्हाच पाय. ओढायचं नाही, ढकलायचं नाही.

आणि मग काचेतून खाली पाहिलं.

मी फोटो पाहून गेले होते. तरी पोटात गोळा आला. हात लावता येईल असं वाटावं इतक्या जवळ प्रवाळ. काही ताटासारखं पसरट, काही हरणाच्या शिंगांसारखं फाटे फुटलेलं, काही नुसते गोल धोंडे, ज्यांच्यावर मेंदूसारख्या वळ्या. त्यात निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. एक मोठा शिंपला उघडा होता, त्याची कड निळी-जांभळी, झालरीसारखी, आणि बोटीची सावली पडल्याबरोबर त्याने ती आत घेतली. नावाड्याने पोपटमासा दाखवला. तो दगडासारखं कडक प्रवाळ चोचीने खरवडून खातो आणि त्याच्या पोटातून बाहेर पडते ती वाळू. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी अशीच झालेली असते. माझा मुलगा तेव्हापासून प्रत्येक वाळूला 'माशाची शी' म्हणतो.

आईंच्या बोटात मंगळाचं पोवळं आहे, लग्नापासूनचं. त्या एकदा अंगठीकडे, एकदा खाली पाहत होत्या. "हे तेच हाय का?" नावाडी हसून नाही म्हणाला. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, ते बहुतेक भूमध्य समुद्रातून येतं. पण दोन्ही जिवंत प्राण्यांनी केलेली घरं, हे मी आईंना समजावून सांगितलं. एवढेसे इवले जीव चुन्याचं घर बांधतात, त्यांच्या अंगात शेवाळं राहतं, त्याने त्यांना अन्नही मिळतं आणि रंगही. पाणी फार तापलं की ते शेवाळं निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१० साली अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. काही ठिकाणी पांढरे, मेलेले भाग आम्हालाही दिसले. आईंनी विचारलं, "पुन्हा जितं होते का?" पाणी लवकर निवलं तर होतं. नाही तर त्यावर नवं धरायला वर्षं लागतात.

मुलीने स्नॉर्कलिंग केलं, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहिलं. गाईड टायर धरून सोबत असतो, पोहता यायला हवं असं नाही, पण तोंडाने श्वास घ्यायची सवय किनाऱ्याजवळ उभं राहूनच करून घ्यावी. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून धुतली की वाफ धरत नाही. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे गाईड पुन्हा पुन्हा सांगत होता. उन्हासाठी आम्ही क्रीमऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घातले. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला मारक असतात, हवाईत तर तशा क्रीमच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे.

आई झाडाखाली पाय पसरून बसल्या, पुऱ्या खाल्ल्या, शेजारच्या तमिळ आजींनाही दिल्या. त्यांनी लिंबूभात दिला. दोघींची भाषा वेगळी, पण सुनांबद्दल काहीतरी बोलणं झालं असावं, कारण दोघीही माझ्याकडे पाहून हसत होत्या.

परतताना छोट्या बोटीतून मोठीत चढायचं होतं. आईंनी आपणहून नावाड्याकडे पाहिलं आणि त्याच्या 'अब'वर पाय टाकला. वंडूरला बाटल्या मोजून दिल्या, अनामत परत मिळाली.

शेवटी शंख-शिंपल्यांचं. बेटावरून काहीही उचलायचं नाही, किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुलाच्या खिशातून मी एक तुकडा किनाऱ्यावरच काढून ठेवायला लावला. बाजारात शिंपल्याची वस्तू घेतलीत तर परवानाधारक दुकानातूनच घ्या, आणि पावती सामानात न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवा.