सुई कोणती दिली होती?

फेब्रुवारीतली सकाळ. म्हसळा तालुक्यातल्या एका वाडीतून फोन आला, "डॉक्टर, आजींची म्हैस पहाटे गेली." उतारावर घसरून ती कंबरेत बसली होती. आदल्या दुपारीच मी तपासून मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन आलो होतो.

पाठोपाठ वनरक्षकाचा फोन. मेलेली ढोरं तो गिधाडांना खायला नेतो. "साहेब, टेम्पो पाठवू? सुई कोणती दिली होती?" दर वेळी तो हे विचारतो, आणि विचारायलाच हवं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, म्हणून "पाठव" म्हणालो. त्याचा जीव भांड्यात पडला. आठ दिवसांत गिधाडांसाठी एकही मेलेलं ढोर मिळालं नव्हतं, आणि घरट्यांत पिल्लं होती.

गोठ्यात पोचलो तर वळचणीला एक पिशवी खोचलेली. आत तीन मिलीच्या पाच रिकाम्या बाटल्या. डायक्लोफिनॅक, माणसांचं वेदनाशामक, गिधाडांना मात्र विष.

"आजी, हे कुणी दिलं?"

"रात्री लई कण्हत होती रे दादा. शेजारच्या गावातला एक जण येऊन टोचून गेला. मला बघवेना."

त्यांना काय बोलणार? जनावर तळमळत असताना कुणालाही तेच सुचलं असतं. गुरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटली तीन मिलीची झाली. इथे कुणी तरी पाच फोडल्या होत्या.

टेम्पो दारात आला होता. मी हात आडवा केला. हे औषध टोचलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढतो. आणि गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एका ढोरावर सगळा थवा उतरतो. पांढऱ्या पाठीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. एका दुपारी मेलेली गिधाडं भरून यायला किती वर्षं जातील!

वनरक्षक कितीतरी वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "विषानं मरतील नाहीतर उपाशी मरतील, साहेब." मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. औषध थांबलं की गिधाडं वाढतील, अशी माझी कैक वर्षं समजूत होती. पण वाड्यांतली तरणी माणसं मुंबईला, नांगराच्या जागी पॉवर टिलर, गोठे रिकामे. जे ढोर मरतं तेही पुरलं जातं. खायलाच नसेल तर उंच झाडं कितीही राखली तरी त्यांवर घरटी किती होणार?

पाच जणांनी डोक्याइतका खोल खड्डा खणला. वर चुना, मीठ. आजी कडेला बसून होत्या. "माझ्या लग्नाच्या वक्ताला ढोर टाकलं की दुपारपर्यंत हाडंच उरायची," त्या म्हणाल्या आणि वर बघायला लागल्या. तीन गिधाडं घिरट्या घालत होती. माती लोटेपर्यंत ती गेली नाहीत.

संध्याकाळी मी वनरक्षकाबरोबर घरट्याच्या झाडाखाली गेलो. दुर्बिणीतून पिल्लाची मान दिसली. अंधार पडता पडता मोठं गिधाड आलं. पोट भरलेल्या गिधाडाच्या गळ्याखालची पिशवी फुगून दिसते. याची सपाट होती. पिल्लानं चोचीवर चोच मारली, पुन्हा मारली.

वनरक्षक फोन काढून पुढच्या गावच्या पोलीस पाटलाला विचारत होता, कुठे ढोर मेलंय का.